देशी कौलांचं टेंडर आणि दोन व्याही

नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्याच्या पैशानं बाजार केला. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडच्या लोकल बोर्डांत मी खरेदीचा कारकून होतो. शाळेच्या फळ्यापासून दवाखान्याच्या तांब्यापर्यंत बोर्डाला जे जे लागे ते माझ्या हातून येई. आमच्या सौभाग्यवतींना हे कधीच पटलं नाही. "घरच्या बाजाराला पाठवलं तर किडकी वांगी घेऊन येतात, आणि म्हणे बोर्डाची खरेदी करतात!" असं त्या चारचौघांत सांगत. वांगी किडकी निघत, हे खरं आहे. पण वांग्याला कुणी टेंडर भरत नाही, त्याला मी काय करू?

टेंडर म्हणजे काय, ते ज्यांना कधी या भानगडीत पडावं लागलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोर्डाला एखादी वस्तू हवी असली की आम्ही चावडीवर जाहिरात लावायचो. ज्याला ती वस्तू पुरवायची असेल त्यानं आपला भाव कागदावर लिहायचा, पाकीट लाखेनं बंद करायचं आणि आमच्या पेटीत टाकायचं. ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर पाकिटं फोडायची आणि ज्याचा भाव कमी त्याला काम द्यायचं. भाव एकमेकांना विचारायचा नाही आणि एकट्याचंच टेंडर आलं तर ते धरायचं नाही, कारण मग स्पर्धा कसली? इतकी सोपी गोष्ट. पण सोप्या गोष्टींनीच माणूस जेरीस येतो.

सदतीस साल उजाडलं, प्रांतात नवं मंत्रिमंडळ आलं आणि खरेदीचे नियम बदलले. देशी माल आधी घ्यायचा. तो जरा महाग पडला तरी चालेल, पण तोच घ्यायचा. त्यातही खेड्यातला कारागीर असेल तर शहरच्या व्यापाऱ्याआधी त्याला मान, आणि कारागिरांत ज्याचा भाव कमी त्याला काम. देशी मालाची रीतसर टेंडरं आलीच नाहीत तरच विलायतीकडे वळायचं. शिपायांच्या अंगावर खादी आली. ती पहिल्या धुण्यात इतकी आटली की आमचा शिपाई महिनाभर हात वर करून सलाम करत नव्हता. पण खोटं कशाला बोलू, मला तो नियम मनापासून आवडला होता. आपल्या पैशानं आपल्या माणसाची चूल पेटते, ह्यापेक्षा खरेदीच्या कारकुनाला आणखी काय हवं?

व्यापाऱ्यांना मात्र तो पचायला वेळ लागला. कल्याणचे गुलाबशेट माझे जुने गिऱ्हाईक, म्हणजे खरं तर मी त्यांचं. गोड माणूस. कचेरीत आले की आधी माझ्या मुलांची चौकशी करणार, मग खिशातून खडीसाखर काढणार, मग टेंडर. नियम आला त्या साली त्यांनी शाळांसाठी कंदील आणले. "एकदम देशी, भाऊसाहेब!" मी कंदील उलटा केला, तर बुडावर कंपनीचा शिक्का असतो ती जागा विटेच्या भुकटीनं घासून लख्ख केलेली. बाकीचा कंदील काळपट आणि बूड आरशासारखं! मी म्हटलं, "शेट, हा देशी कंदील पालथा लावायचा का? उजेड खालनंच जास्त पडतोय." गुलाबशेट जरासुद्धा ओशाळले नाहीत. "तुमची नजर बाकी घारीची हो," म्हणाले, कंदील गाडीत भरले आणि जाताना खडीसाखर ठेवून गेले.

तर अशा त्या दिवसांत खर्डीजवळच्या एका गावच्या शाळेचं छप्पर खाली बसलं. पोरं सुखरूप होती, रविवार होता म्हणून. पुढच्या पावसाळ्याच्या आत नवं छप्पर घालायचं ठरलं. जाहिरातीत मी लिहिलं, देशी नळीची कौलं. नळीचं कौल म्हणजे कुंभार चाकावर लांबट नळी ओढतो, ती उभी चिरून दोन करतो आणि आव्यात, म्हणजे आपल्या भट्टीत, भाजतो. आमच्या भागातली निम्मी घरं तेव्हा ह्या कौलांखाली होती. गुलाबशेटनी आणि दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं विलायती पत्र्याचे भाव घातले. पण देशी टेंडरं आली की पत्र्याची पाकिटं फोडायचीसुद्धा नाहीत, असा नियम. मी निर्धास्त होतो.

त्या गावचा कुंभार धोंडू. उंच, वाळका, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्याचं पाकीट आलं. म्हसा गावच्या गोंदू कुंभाराचं आलं. हा धोंडूचा व्याही, धोंडूची लेक चंद्री गोंदूच्या मुलाला दिलेली. आणि किन्हवलीकडच्या एका कुंभाराचं तिसरं. तीन देशी टेंडरं! आमचे अध्यक्ष अप्पासाहेब पेशानं वकील. ते खुशीत येऊन म्हणाले, "वा, फोडा."

धोंडूच्या पाकिटात भाव होता. गोंदूच्या पाकिटात मास्तरांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "सदर गाव धोंडू कुंभाराचा आहे. काम त्यालाच द्यावे. कळावे, लोभ असावा." तिसऱ्या पाकिटात, "धोंडूबाबास नमस्कार सांगणे. त्याचा गुडघा बरा आहे किंवा कसे ते कळवणे." भाव कुठंच नाही. अप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. सभासद हसून हसून खाली बसले. मला मात्र हसू येईना, कारण कायद्यानं एकच टेंडर उरलं होतं, आणि एकट्याचं धरता येत नव्हतं.

ह्यात कुंभारांचा वेडेपणा नव्हता, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. कुंभाराला त्याचं त्याचं गाव असतं. त्या गावाला मडकी, पणत्या, कौलं त्यानंच पुरवायची आणि भात झोडल्यावर गावानं त्याला बलुतं द्यायचं. दुसऱ्या कुंभारानं त्या गावात एक पणतीसुद्धा विकायची नाही. विकली, तर पहिल्याचा त्या गावावरचा हक्क मोडला. आम्ही ह्या लोकांना सांगत होतो की धोंडूच्या गावावर भाव लावा, आणि ते सभ्यपणानं कळवत होते की असलं पाप आमच्याकडून व्हायचं नाही.

गुलाबशेट तिथंच बसले होते. "आता पत्र्याची पाकिटं फोडा ना," असं त्यांनी अगदी मवाळ आवाजात सुचवलं. मी अप्पासाहेबांच्या मिनतवाऱ्या केल्या आणि आणखी एक मुदत मागून घेतली. पुन्हा दोन देशी टेंडरं आली नाहीत तर पत्रा, असं ठरलं.

धोंडू बाहेर ओट्यावर उकिडवा बसला होता. त्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "भाऊसायब, आज शाळंवर पत्रा चढंल. उद्या पाटलाच्या घरावर. मंग घराघरावर. मंग मी कुनाचा कुंभार? गाव गेला तं कुंभाराजवळ काय ऱ्हातं, नुसती माती." मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "तूच जाऊन व्याह्याला सांग की बाबा, भाव घाल. तू सांगितलंस तर पाप कसलं?"

पौषात म्हशाची जत्रा भरली होती, तिथंच मी धोंडूला घेऊन गेलो. बैल, घोंगड्या, पाळणे, धूळ. गोंदू आपली मडकी मांडून बसलेला. बुटका, गुबगुबीत, सतत हसरा, धोंडूच्या अगदी उलट. आम्हाला बघून त्यानं उडीच मारली. "या व्याही, या! भाऊसायब पन आलं! च्या सांगा रे कोनीतरी!" धोंडू मान खाली घालून उभा. मुलीच्या बापानं मुलाच्या बापापुढं तोंड उघडायचं, आणि तेही जत्रेत. त्याच्या कपाळावर थंडीत घाम आला होता.

"व्याही, टेंडर टाका. माज्या गावाचा," तो म्हणाला.

गोंदूनं दोन्ही कानांना हात लावले. "नाय, नाय! काय बोलता? मी? तुमच्या गावात?"

"मीच सांगतो ना. नायतं पत्रा चढतो."

गोंदू माझ्याकडे वळला. "मंग भाव काय लिवू, भाऊसायब?"

"ते मी सांगायचं नाही. तुम्हीही एकमेकांना सांगायचं नाही. आपापल्या मनानं लिहा," मी म्हटलं आणि पोलीस आल्यासारखा दोघांच्या मधे उभा राहिलो. गोंदूनं डोकं खाजवलं, आणि शेवटी मानेनं हो म्हटलं. मी खुशीत एक घोंगडी घेऊन घरी आलो. ती महाग घेतली हे घरी लगेच सिद्ध झालं.

पाकिटं फोडायचा दिवस उजाडला. ह्या खेपेला दोघेही व्याही हजर. गोंदू धुतलेला सदरा घालून आला होता. धोंडूचं पाकीट फोडलं, भाव वाचला. गोंदूचं फोडलं, आणि मी आकडा दोनदा वाचला. गोंदूचा भाव कमी होता.

नियमानं काम गोंदूचं झालं. अप्पासाहेबांनी तसं जाहीर केलं. धोंडूनं एकदा व्याह्याकडे बघितलं आणि उठून चालता झाला. गोंदू अजून हसतच होता. मला हळूच म्हणाला, "काम त्यालाच ना? मी हरलो ना?"

"अरे बाबा, तू जिंकलास!"

"कसा? माजा भाव तं कमी!" त्याचं हसू विरलं. "कमी भावाचा मडका लोक टिचकी मारून परत ठेवतात, भाऊसायब. आनि जास्त लिवायचा तरी कसा? मी मुलाचा बाप. लग्नात वरच्या पाटावर बसलो, पाय धुवून घेतले. आता कौलाच्या भावात पन त्याच्या वर बसू? लोक तोंडात शेन नाय घालनार?"

माझ्या अख्ख्या नियमावलीत व्याह्याचा मान ठेवायला कलम नव्हतं.

"मी काम सोडतो," गोंदू म्हणाला. "आताच सोडतो. लिवा."

"सोडलंस तर धोंडूचं एकट्याचं टेंडर उरतं, आणि एकट्याचं धरता येत नाही. मग पत्रा!" मी सांगितलं. तो मटकन खाली बसला. काम केलं तर व्याह्याचा गाव मोडणार, सोडलं तर गावावर पत्रा चढणार. बरं, करार घेऊन धोंडूकडून माल करवून घ्यायचा, तर तेही बंद. कारण गुलाबशेटसारखे व्यापारी एखाद्या सुताराला पुढं करून मागून आपला माल घुसवत, म्हणून करारात आम्हीच अट घातली होती की ठेकेदारानं माल स्वतः तयार करावा, दुसऱ्याचा आणू नये. मोडली तर करार रद्द आणि बिलाला कायमचा रामराम. मी त्याला अट वाचून दाखवली. गोंदू ऐकत होता आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होता.

पुढचं मला चंद्रीकडून कळलं. गोंदू बैलगाडी जोडून सुनेला घेऊन तिच्या माहेरी गेला. धोंडूच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "माती तुमच्या गावाची, आवा तुमचा. मी हात लावू काय?" धोंडू आत गेला आणि दार लावून घेतलं. गोंदू अंगणातच बसला. जेवायला बोलावलं तर जेवला, झोपायला घोंगडी दिली तर झोपला, पण हलला नाही. शेवटी एके सकाळी धोंडूनं चाकावरचा फडका काढला आणि लेकीला म्हणाला, "तुज्या सासऱ्याला सांग, चिकण माती खालच्या तळ्याची घ्यावी लागते." झालं, काम सुरू!

मी मालाची तपासणी करायला गेलो तेव्हा ते दृश्य बघून मला हसावं की रडावं कळेना. गोंदू गुडघाभर चिखलात माती तुडवतोय, धोंडू चाकावर बसलाय आणि मधे चंद्री. दोघे चार हातांवर असून धोंडू त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हता.

"सासऱ्याला सांग, पानी जास्त झाला."

"मामंजी, पानी जास्त झाला."

"बापाला सांग, माती जून हाय, पानी पिते."

"बाबा, माती जून हाय."

"तुमी दोगं मला जरा वेळ सोडाल काय?" शेवटी चंद्री वैतागली. "माजा भात लागला चुलीवर!" गोंदूनं माती तुडवली, लाकडं फोडली, आवा रचला, राख उपसली. धोंडूनं नळ्या ओढल्या आणि चिरल्या. ठेकेदारानं स्वतः तयार केलेला माल असं मी म्हणायचं, तर अर्धा तरी होताच. मी एक कौल उचलून वाजवलं. खणखणीत. असा माल मी नंतर फार थोड्या वेळा घेतला.

कौलं चढवायच्या दिवशी अप्पासाहेब आले, गाव जमला, आणि बघतो तर गुलाबशेटसुद्धा हजर! खडीसाखर न काढता ते सरळ मला म्हणाले, "भाऊसाहेब, माल कुणी केला ह्याची चौकशी तेवढी नीट होऊ द्या. अट ती अट. करार मोडला असेल तर माझे पत्रे कल्याणला तयार आहेत." पावसाळा तोंडावर आलेला. पुन्हा टेंडर काढायला वेळ नव्हता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि तेवढ्यात पाटील पुढं झाले. त्या गावात छपरावर पहिलं कौल चढण्याआधी पाटलानं हातात नारळ धरून विचारायचं, "कौल कुनाचा?" ज्याचा त्यानं "माजा" म्हणायचं आणि नारळ घ्यायचा. तोच गावचा कुंभार. शेकडो वर्षांची रीत. पाटलांना करार ठाऊक नव्हता की अट. त्यांनी आपला नारळ धरला आणि खड्या आवाजात विचारलं, "कौल कुनाचा?"

गोंदू "माजा" म्हणाला तर धोंडूचा गाव त्याच क्षणी गेला. "धोंडूचा" म्हणाला तर करार मोडला, बिल गेलं, दोघांची अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत मातीत, आणि वर पत्रा चढला तो चढलाच. मी डोळ्यांनी त्याला खुणावत होतो, की बाबा, तोंड बंद ठेव. गुलाबशेट पुढं सरकून कान देऊन उभे.

गोंदूनं छाती भरून श्वास घेतला. "धोंडूचा! सगळी कौलं धोंडूची. गाव त्याचा हाय," तो ओरडला.

मी डोक्याला हात लावला.

"खोटा बोलतो!"

हा धोंडू होता. लोकांना बाजूला सारत तो पुढं आला. "माती यानं तुडवली. लाकडं यानं फोडली. आवा यानं लावला, हात भाजून घेतले. बघा त्याचे हात! कौलं माज्या व्याह्याची हायेत." मग तो गोंदूकडे वळला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "घ्या व्याही. नारळ घ्या. गाव मी दिला."

गोंदू लहान पोरासारखा रडायला लागला. "नाय घेनार! मेलो तरी नाय घेनार!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाटील नारळ घेऊन तसेच उभे, आणि माझ्याकडे बघताहेत! माझेही डोळे भरून आले होते.

अप्पासाहेब शेवटी वकीलच. घसा खाकरून म्हणाले, "माल ठेकेदारानं केला अशी साक्ष हक्कदारच देतोय, स्वतःचं नुकसान करून. ह्यापेक्षा भक्कम पुरावा मी कोर्टात पाहिला नाही. कौलं चढवा." आणि पाटलांच्या हातून नारळ घेऊन त्यांनी तो शाळेच्या पायरीवर फोडला. गुलाबशेटनी टोपी काढून कपाळ पुसलं, मग खिशात हात घालून खडीसाखर काढली आणि माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "भाऊसाहेब, ह्या लोकांशी धंदा करायचा तरी कसा?"

पुढं लढाई आली, विलायती पत्रा बाजारातून नाहीसा झाला आणि काही वर्षं कुंभारांचे आवे रात्रंदिवस पेटले. लढाई संपल्यावर पत्रा परत आला, आणि मग कुठलाच नियम त्याला थांबवू शकला नाही. मला त्याची रुखरुख आहे. देशी माल कसा घ्यावा हे कायद्यानं आम्हाला शिकवलं, पण त्यासाठी दोन देशी माणसांना एकमेकांवर सोडण्यापलीकडे दुसरी रीत आम्हाला सुचली नाही.

त्या साली भात झोडून झाल्यावर गावानं धोंडूचं बलुतं नेहमीसारखं त्याच्या अंगणात आणून टाकलं. पाटलांनी स्वतः पहिली पाटी ओतली. गाव धोंडूचाच राहिला. धोंडूनं त्यातलं अर्धं भात गाडीत भरून म्हशाला पाठवलं, व्याह्याचा हक्क म्हणून. गोंदूनं गाडीवरून एक दाणा उतरवू दिला नाही, उलट वर मडकी रचून गाडी परत पाठवली. धोंडूनं मडकी ठेवून घेतली आणि भात पुन्हा रवाना केलं. ते पुन्हा आलं. मी कामानिमित्त म्हशाला गेलो तेव्हा गाडी तिसऱ्यांदा दारात उभी होती. गोंदू "नाय म्हंजे नाय" म्हणून ओरडत होता आणि धोंडूच्या गाडीचा गाडीवान कपाळाला हात लावून बसला होता. घरातून चंद्री बाहेर आली. तिनं पदर खोचला, गाडीवर चढली आणि पहिली गोणी स्वतःच्या पाठीवर घेतली.

"तुमचा मान तुमच्याजवळ ठेवा," ती सासऱ्याला म्हणाली. "बैल मरतील माज्या बापाचे!"